चार अक्षरांमागची गोष्ट: चिनी छंगयू शिकायला कुठून सुरुवात करावी

चिनी शिकायला लागून दीडेक वर्ष झालं होतं, तेव्हा 'वांग-यांग-पू-लाओ' ही चार अक्षरं माझ्यासमोर आली. शब्दशः अर्थ: मेंढी हरवली, कुंपण दुरुस्त केलं. मी वहीत शेजारी लिहून टाकलं, 'बैल गेला आणि झोपा केला', आणि पुढच्या पानावर गेले. काही महिन्यांनी एक चिनी मैत्रीण परीक्षेत नापास झाली. फोनवर म्हणाली, आता रोज पहाटे उठून अभ्यासाला बसतेय, वांग-यांग-पू-लाओ. मला वाटलं, आता काही उपयोग नाही असं ती म्हणतेय. मी तिची समजूत घालायला लागले. तिला कळेना, समजूत कशाची. ती तर सांगत होती की अजून उशीर झालेला नाही.

चित्र एकच. जनावर गेलं, मग दार नीट केलं. मराठी म्हण त्यावर म्हणते, वेळ गेली. चिनी चार अक्षरं म्हणतात, वेळ आहे. त्या दिवसापासून मी छंगयू शिकायची पद्धत बदलली. नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी तीच इथे लिहिते आहे. चिनी लिपी येत नसली तरी चालेल. गोष्टींमध्ये गोडी हवी, आणि मराठी माणसाला ती शिकवावी लागत नाही.

आधी ओळख

छंगयू म्हणजे चिनी भाषेतले ठरीव, बहुतेक चार अक्षरांचे जुने शब्दबंध. चिनी भाषेत एक अक्षर म्हणजे साधारण एक उच्चार आणि एक अर्थ, त्यामुळे चार अक्षरांत एक अख्खं वाक्य बसतं. चारच का, याचं उत्तर त्या भाषेच्या कानात आहे. 'श-चिंग' हा चीनचा सर्वांत जुना काव्यसंग्रह, त्यातल्या बहुतेक ओळी चार अक्षरी आहेत. दोन-दोनच्या जोडीने पडणारा तो ठेका तिथल्या लोकांच्या अंगात मुरलेला आहे.

मराठीत याला तंतोतंत प्रतिशब्द नाही. म्हण हे पूर्ण वाक्य असतं, घरातल्या भाषेतलं. वाक्प्रचाराला क्रियापद लागतं आणि ते काळाप्रमाणे बदलतं: नाक मुरडलं, नाक मुरडते. छंगयू बदलत नाही आणि तो रोजच्या भाषेतलाही नसतो. आपण मराठी बोलता बोलता मध्येच 'विनाशकाले विपरीतबुद्धी' किंवा 'येन केन प्रकारेण' म्हणतो ना, त्याच्या जवळ जाणारी ही वस्तू आहे. मराठी वाक्यात संस्कृतचा तुकडा जसा जुन्या भाषेच्या व्याकरणासकट येऊन बसतो, तसा आजच्या चिनी वाक्यात छंगयू प्राचीन लिखित चिनीचा तुकडा घेऊन येतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चीनमध्ये गंभीर लेखन त्या जुन्या भाषेतच होत असे. १९१९ च्या आसपासच्या चळवळीने बोलभाषेला लिखाणात मान मिळवून दिला, जुनी भाषा मागे पडली, पण छंगयू राहिले.

घरगुती म्हणींना तिकडे 'येन-यू' म्हणतात. कोड्यासारख्या दोन तुकड्यांच्या उक्तींना 'श्ये-होउ-यू'. त्यातला माझा आवडता: 'भाच्याने कंदील धरला', एवढंच बोलून थांबायचं. ऐकणाऱ्याने मनात पूर्ण करायचं, 'मामावर उजेड पडला'. चिनीत 'मामावर उजेड' आणि 'पूर्वीसारखंच' यांचा उच्चार एकच, म्हणून अर्थ, 'काही बदललं नाही'. हा वेगळा विषय आहे. सुरुवातीला दोन्हींची सरमिसळ करू नका, एवढ्यासाठी सांगितलं.

आणि चारचा नियम पक्का नाही. 'वू-श-पू-श्याओ-पाय-पू' यात सहा अक्षरं आहेत: पन्नास पावलं पळालेला शंभर पावलं पळालेल्याला हसतो. मेन्शियस या प्राचीन चिनी तत्त्वज्ञाने ल्यांगच्या ह्वे राजाला दिलेला हा दाखला. रणातून दोघेही पळालेच, मग कोण कोणाला हसणार?

उच्चार: इथे मराठी जीभ पुढे आहे

बहुतेक पाठ्यपुस्तकं चिनी उच्चार रोमन अक्षरांत देतात आणि आपण ते इंग्रजीच्या सवयीने वाचतो. ते करू नका. चिनीत 'त' आणि 'थ', 'प' आणि 'फ', 'क' आणि 'ख', 'च' आणि 'छ' हा फरक अर्थ बदलतो, आणि हा फरक आपल्याला आईच्या बोलण्यातून मिळालेला आहे. रोमन लिपीत जिथे 'डी' दिसतो तिथे आपला साधा 'त' म्हणा, 'टी' दिसतो तिथे 'थ'. 'बी' म्हणजे 'प', 'जी' म्हणजे 'क'. चिनी माणूस आपल्या राजधानीला 'पेइ-चिंग' म्हणतो, तो याच हिशेबाने.

आणखी एक देणगी आपल्याकडे आहे. मराठीत दोन 'च' आहेत: 'चिमणी'मधला तालव्य आणि 'चमचा'मधला दंत्य. रोमन 'झेड'ने लिहिलेला चिनी आवाज हा जवळपास आपला चमच्यातला 'च'. या लेखात तो मी 'च़' असा खाली टिंब देऊन लिहिते आहे. हिंदी भाषकाला जो आवाज घोटावा लागतो, तो आपल्याला आयता मिळतो.

सूर मात्र आयते मिळत नाहीत. चार सूर आहेत. पहिला वर धरून ठेवलेला, दुसरा खालून वर जाणारा, तिसरा खाली दबलेला, चौथा वरून आदळणारा. वहीत प्रत्येक अक्षराच्या पुढे आकडा लिहा: वांग२ यांग२ पू३ लाओ२. आणि छंगयू पाठ करताना सुरासकट, गाण्याच्या ओळीसारखा पाठ करा. चार अक्षरांचा ठेका इतका घट्ट असतो की सूर त्याच्याबरोबर चिकटून येतात. सुटे शब्द घोकून मला सूर आले नव्हते, छंगयूंनी आले.

चार अक्षरं सुटी करा आणि जुना अर्थ विचारा

नवा छंगयू मिळाला की पहिलं काम: चार अक्षरं वेगळी लिहायची आणि प्रत्येकाचा जुना अर्थ शोधायचा. आजचा अर्थ लावला तर फसगत होते. आपल्या मेंढीच्याच छंगयूत बघा. 'वांग' म्हणजे आजच्या भाषेत मरण किंवा नाश. इथे त्याचा जुना अर्थ आहे, हरवणं. 'लाओ' म्हणजे आज तुरुंग. पूर्वी जनावरं कोंडायची जागा. आजच्या अर्थाने वाचलं तर 'मेलेली मेंढी, तुरुंगाची डागडुजी' असं काहीतरी निघेल.

'च़ोउ-मा-क्वान-ह्वा' म्हणजे घोड्यावरून फुलं पाहणं. 'च़ोउ' हा आज चालण्यासाठी शब्द आहे, जुन्या भाषेत धावण्यासाठी. घोडा चालत असेल तर फुलं नीट दिसतील. तो भरधाव आहे म्हणूनच या छंगयूचा अर्थ 'वरवर पाहणं' होतो. एका अक्षराचा जुना अर्थ कळला की अख्खं चित्र हलायला लागतं.

गोष्ट कोणी, कोणाला सांगितली?

माझ्या मते छंगयू शिकण्याचा गाभा इथे आहे, आणि बहुतेक पुस्तकं नेमकी हीच गोष्ट गाळतात. बालवाचनाच्या पुस्तकात गोष्ट असते: एक शेतकरी, एक मेंढी, एक लांडगा, चांगला सल्ला देणारा शेजारी. वाचायला छान. पण मूळ ग्रंथात लांडगाही नाही आणि शेजारीही नाही.

मूळ प्रसंग लढणाऱ्या राज्यांच्या काळातला आहे, म्हणजे इ.स.पूर्व ४७५ ते २२१ या काळातला. दक्षिणेत छू नावाचं मोठं राज्य होतं. तिथला श्यांग राजा लाडक्या दरबाऱ्यांच्या नादी लागून चैनीत बुडालेला. च्वांग शिन नावाच्या मंत्र्याने त्याला सावध केलं; राजाने, म्हातारपणी तुला भ्रम झालाय का, अशा शब्दांत त्याला उडवून लावलं. च्वांग शिन चाओ राज्यात निघून गेला. पाचच महिन्यांत छिन राज्याच्या फौजांनी छूची राजधानी घेतली. पळून गेलेल्या राजाने माणसं पाठवून च्वांग शिनला बोलावून घेतलं आणि विचारलं, आता काय करू? त्यावर तो म्हणाला: ससा दिसल्यावर कुत्र्याकडे वळून पाहिलं तर उशीर नाही, मेंढी हरवल्यावर कुंपण दुरुस्त केलं तर उशीर नाही.

आता या चार अक्षरांचं वजन पाहा. ज्याची राजधानी गेलीय अशा राजाला, ज्याचा सल्ला त्याने धुडकावला होता तोच माणूस हे सांगतो आहे. 'मी सांगितलं होतं' हे एका शब्दाने न म्हणता. ही गोष्ट मला आधी कळली असती, तर शेजारी 'बैल गेला' लिहायला हात धजावला नसता.

'ह्वा-श-थ्येन-च़ू', म्हणजे साप काढून त्याला पाय जोडणं, याचंही तसंच. गोष्ट छोटी आहे. छू राज्यात पूजेनंतर यजमानाने आपल्या माणसांना एक प्याला मद्य दिलं. सगळ्यांना पुरणार नाही, एकाला मात्र भरपूर होईल. ठरलं, जमिनीवर साप काढायचा, ज्याचा आधी होईल त्याचा प्याला. एकाचा साप सर्वांआधी झाला. डाव्या हातात प्याला घेऊन तो उजव्या हाताने सापाला पाय काढू लागला, वेळ आहे म्हणून. पाय पुरे व्हायच्या आत दुसऱ्याचा साप झाला. त्याने प्याला हिसकावला: सापाला पाय नसतात, तू ते कुठून आणणार? आणि तो पिऊन टाकला.

इथे थांबलं तर अर्थ निघतो, नको ती भर घालून काम बिघडवणं. आजचा अर्थ तोच आहे. पण ही गोष्ट सांगितली गेली ती एका सेनापतीच्या तंबूत, इ.स.पूर्व ३२३ मध्ये. छूचा सेनापती चाओ यांगने वेइ राज्याचा पराभव करून आठ शहरं घेतली होती आणि तो आता छी राज्यावर निघाला होता. छीच्या राजाकडून छन चन नावाचा मुत्सद्दी आला. त्याने साधा प्रश्न विचारला: एवढ्या पराक्रमाला तुमच्या राज्यात सर्वांत मोठं पद कोणतं? सेनापतीने सांगितलं. त्याच्याही वर? एकच, प्रधानपद. आणि ते तर तुमच्याकडे आहेच. राजा दोन प्रधान नेमणार नाही. मग पुढची लढाई जिंकून मिळणार काय? हरलात तर मात्र जीव जाईल आणि पद दुसऱ्याला मिळेल. एवढं बोलून त्याने सापाची गोष्ट सांगितली. चाओ यांगने सैन्य मागे घेतलं.

म्हणजे पाय काढणारा हा अडाणी माणूस नव्हता, तो जिंकलेला माणूस होता. कुठे थांबावं हे न कळलेला. ही छटा लक्षात राहिली की छंगयू कुठे वापरावा हे आपोआप कळतं: काम पूर्ण झालेलं असलं पाहिजे, आणि मग भर.

म्हणून प्रत्येक छंगयूला हे विचाराच: कोणी, कोणाला, कशासाठी. हान फेइ या विचारवंताची 'शोउ-चू-ताय-थू' ही गोष्ट सगळ्यांना आवडते. शेतातल्या खुंटावर धावता ससा आपटून मेला, तेव्हापासून नांगर टाकून खुंटापाशी दुसऱ्या सशाची वाट पाहत बसलेला शेतकरी. आपण तिला आळशाची गोष्ट समजतो. हान फेइ मात्र ती राज्यकर्त्यांना उद्देशून सांगतो: प्राचीन राजांच्या धोरणांनी आजच्या लोकांवर राज्य करू पाहणारे सगळे त्या शेतकऱ्याच्या जातीचे.

अर्थ वळण घेतो, ते वळणही टिपा

काही छंगयू मूळ गोष्टीपासून दूर गेले आहेत. 'चाओ-सान-मू-स', सकाळी तीन, संध्याकाळी चार. च्वांगच़ा या प्राचीन विचारवंताच्या ग्रंथातला माकडं पाळणारा माकडांना म्हणाला, सकाळी तीन मापं फळं देईन, संध्याकाळी चार. माकडं चिडली. बरं, सकाळी चार, संध्याकाळी तीन. माकडं खूश. एकूण तेच सात. राग-लोभ मात्र बदलला. च्वांगच़ाचा रोख आपल्या भेदबुद्धीवर होता. आज हाच छंगयू धरसोड वृत्तीच्या माणसासाठी, विशेषतः प्रेमात मन स्थिर नसलेल्यासाठी वापरतात. मूळ गोष्ट सांगून कोणाची चूक काढायला जाऊ नका. वापर हाच आजचा अर्थ.

'त्वेइ-न्यू-थान-छिन' म्हणजे गायीपुढे छिन वाजवणं (छिन हे तंतुवाद्य). आपल्याला लगेच 'गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता' आठवतं. आजच्या वापरात दोन्ही खरोखर जवळ आहेत. पण मूळ प्रसंग फार सुंदर आहे, म्हणून सांगते. चीनमध्ये बौद्ध धर्म नवा होता तेव्हा मौच़ा नावाच्या लेखकाने त्याच्या समर्थनार्थ ग्रंथ लिहिला. त्यात कोणीतरी त्याला विचारतं, तू बौद्ध सूत्रं सोडून आमच्याच जुन्या ग्रंथांचे दाखले का देतोस? तो सांगतो: कुंग-मिंग यी नावाच्या वादकाने गायीपुढे उच्च प्रतीचा राग वाजवला, गाय खाली मान घालून चरत राहिली. तिला ऐकू येत नव्हतं असं नाही, ते तिच्या कानाचं नव्हतं. मग त्याने डासांची गुणगुण आणि एकट्या वासराचं हंबरणं वाजवलं. गायीने शेपटी हलवली, कान टवकारले आणि ती जवळ येऊन ऐकू लागली. म्हणून मी तुझ्याशी तुला ठाऊक असलेल्या ग्रंथांच्या भाषेत बोलतो. या गोष्टीत गायीची हेटाळणी नाही, वादकाला शिकवण आहे. काळाने दुसरा भाग गाळला आणि गाय बदनाम झाली.

मराठी जोडी लावा, पण शेवटी

आपल्या भाषेतली जोडी शोधणं हा मोठा आनंद आहे, तो सोडू नका. फक्त ते काम शेवटी करा आणि जोडी कुठे सुटते तेही लिहा.

काही जोड्या घट्ट बसतात. 'चिंग-ती-च-वा', विहिरीच्या तळचा बेडूक, म्हणजे आपला कूपमंडूक. च्वांगच़ाच्या ग्रंथात हा बेडूक पूर्वसमुद्राच्या कासवाला आपली विहीर दाखवायला बोलावतो. कासवाचा डावा पाय आत जाण्याआधीच उजवा गुडघा अडकतो. मग ते मागे सरून समुद्राबद्दल सांगतं: दहा वर्षांत नऊ पूर आले तरी त्याचं पाणी वाढलं नाही, आठ वर्षांत सात दुष्काळ पडले तरी किनारा मागे गेला नाही. कूपमंडूक या आपल्या शब्दात बेडूक एकटा आहे. चिनी बेडकाला कासव भेटतं, हा फरक मला मोलाचा वाटतो. याच संवादात पुढे हान-तान शहराची ऐटदार चाल शिकायला गेलेला तरुण येतो. ती चाल तर त्याला आली नाहीच, स्वतःचीही तो विसरला आणि रांगत घरी परतला. हान-तान आज हपेइ प्रांतात आहे, आणि 'चाल शिकण्याचा पूल' या नावाचा जुना दगडी पूल तिथे आहे.

काही जोड्या इतिहासामुळे जवळ येतात. 'फो-फू-छन-चोउ', हंडे फोडणं, नावा बुडवणं. इ.स.पूर्व २०७ मध्ये छूचा तरुण सेनापती श्यांग यू छिन साम्राज्याच्या सैन्यावर चालून गेला. नदी ओलांडल्यावर त्याने सगळ्या नावा बुडवल्या, स्वयंपाकाची भांडी फोडली, राहुट्या जाळल्या आणि प्रत्येकाबरोबर तीन दिवसांची शिधा ठेवली. तो जिंकला. आपण म्हणतो, परतीचे दोर कापले. त्यामागे १६७० चा सिंहगड आहे, तानाजी पडल्यावर सूर्याजीने दोर कापून टाकल्याची कथा आहे. दोन्हीकडे मागे वळणं बंद. पण सूर्याजीचे दोर ऐन लढाईत, माणसं पळू लागल्यावर कापले जातात; श्यांग यूचे हंडे लढाईआधी, विचारपूर्वक फुटतात. म्हणून चिनी विद्यार्थी मोठ्या परीक्षेच्या तयारीआधी हा छंगयू लिहून भिंतीवर लावतो ते शोभतं.

त्याच श्यांग यूची दुसरी बाजू 'स-म्येन-छू-क' या छंगयूत आहे. पाच वर्षांनी, इ.स.पूर्व २०२ मध्ये, काय-श्या इथे तो शत्रूच्या वेढ्यात सापडला. रात्री चारही बाजूंनी शत्रूच्या छावणीतून छूची, त्याच्या मायदेशाची गाणी ऐकू आली. माझा सगळा मुलूख गेला की काय, इतके छूचे लोक तिथे कसे, असं तो म्हणाला. 'चारी दिशांना छूची गाणी' म्हणजे सगळीकडून घेरलं जाणं. समा छ्येन या इतिहासकाराने दोन्ही प्रसंग एकाच चरित्रात लिहिले आहेत. हे दोन छंगयू एकत्रच शिका.

आणि काही जोड्या मुळात जोड्या नाहीतच, आपल्याच घरातून गेलेल्या वस्तू आहेत. बौद्ध ग्रंथ चिनीत आले तेव्हा त्यांच्याबरोबर उपमा गेल्या. 'मांग-रन-मो-श्यांग', आंधळे हत्ती चाचपतात, ही सूत्रांमधून तिकडे पोहोचलेली भारतीय गोष्ट. 'वू-थी-थोउ-ती', पाच अंगं जमिनीला टेकवणं, हा भारतीय नमस्काराचा प्रकार: दोन गुडघे, दोन कोपरं आणि मस्तक. श्वान-च़ांग, आपण ज्याला ह्यू-एन-त्संग म्हणून शाळेत शिकलो, त्याने भारतातल्या वंदनाच्या नऊ पद्धती नोंदवल्या, त्यात ही शेवटची आहे. महाराष्ट्रात येऊन पुलकेशीबद्दल लिहून ठेवणारा तो हाच प्रवासी. आज चिनी माणूस एखाद्याच्या कर्तबगारीपुढे मी 'वू-थी-थोउ-ती' होतो असं म्हणतो; आपण साष्टांग दंडवत घालतो. आपली अंगं आठ, त्यांची पाच.

माझा सर्वांत लाडका मात्र 'थान-ह्वा-ई-श्येन'. 'थान' हे उदुंबर या संस्कृत शब्दाच्या चिनी उच्चारातलं एक अक्षर, 'ह्वा' म्हणजे फूल. उंबराचं फूल एकदा दिसलं. कुमारजीवाने इ.स. ४०६ मध्ये सद्धर्मपुंडरीक सूत्राचं चिनी भाषांतर केलं, त्यात बुद्धाचा उपदेश हा उंबराच्या फुलासारखा, कधीतरीच प्रकट होणारा, असं म्हटलं आहे. उंबराची फुलं फळाच्या आत असतात, बाहेर दिसतच नाहीत, म्हणून ती दुर्मिळ. आपणही बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या माणसाला 'उंबराचं फूल झालास की' म्हणतोच. उपमा एकच, मूळ एकच. पण चीनमध्ये अर्थ सरकला: 'क्वचित दिसणारं'वरून 'दिसता दिसता नाहीसं होणारं'. आज क्षणभर चमकून विसरल्या गेलेल्या गायकाला किंवा चार दिवस चाललेल्या फॅशनला 'थान-ह्वा-ई-श्येन' म्हणतात. पुढे अमेरिका खंडातून आलेल्या, रात्री उमलून पहाटे मिटणाऱ्या एका निवडुंगाला चिनी लोकांनी 'थान-ह्वा' हेच नाव दिलं. तो निवडुंग तुम्ही पाहिलेला आहे. पावसाळ्यात एखाद्या रात्री शेजारी हाक मारून दाखवायला बोलावतात ते ब्रह्मकमळ. उंबराचं नाव चीनला गेलं, तिथे एका परक्या निवडुंगाला चिकटलं, आणि तोच निवडुंग आपल्या गॅलरीत दुसऱ्या नावाने फुलतो आहे.

वापरायची वेळ आली की

पहिले सहा महिने फक्त ओळखा, वापरू नका. ऐकताना, मालिकेत, बातमीत कान टवकारले की पुरे. मग लिखाणात एखादा घाला. एका परिच्छेदात एकाहून जास्त नको. छंगयूंनी भरलेलं लिखाण चिनी शिक्षकालाही जड वाटतं.

अक्षर बदलायचं नाही, क्रम हलवायचा नाही. जाहिरातवाले समान उच्चाराचं अक्षर घालून छंगयूवर कोटी करतात. खोकल्याच्या औषधाच्या एका जाहिरातीत 'ख४-पू-रुंग-ह्वान', म्हणजे क्षणाचाही विलंब परवडणार नाही, यातल्या पहिल्या 'ख४'च्या जागी खोकल्याचा 'ख२' घातला होता. २०१४ साली चीनच्या प्रसारण नियामकाने अशा खेळांवर बंदीचं फर्मान काढलं, आणि त्यात हे उदाहरण दिलं. मला ती बंदी अति वाटते. शिकणाऱ्याने मात्र स्वतःपुरती ती पाळावी.

प्रत्येक छंगयू स्तुतीचा, निंदेचा की तटस्थ, हे वहीत खूण करून ठेवा. सापाचे पाय निंदा. फोडलेले हंडे स्तुती. सरहद्दीवरच्या म्हाताऱ्याचा घोडा ('साय-वंग-श-मा') तटस्थ आणि दिलासा देणारा: घोडा पळाला, दुसरा उमदा घोडा घेऊन परतला, त्यावरून मुलगा पडून लंगडा झाला, लंगडा म्हणून युद्धातून वाचला. कोणाचं काही गेलं तर हा छंगयू बिनधास्त वापरा.

वही आणि खेळ

आठवड्याला एकच. वहीचं एक पान, त्यावर सहा गोष्टी: चार अक्षरं सुरासकट, प्रत्येकाचा जुना अर्थ, गोष्ट दोन-तीन ओळींत, कोणी कोणाला सांगितली, आजचा वापर आणि खूण, आणि सर्वांत खाली मराठी जोडी, ती कुठे सुटते त्यासह. सुरुवातीला या लेखात आलेलेच घ्या, तीन-चार महिने पुरतील. मोठ्या कोशांत हजारोंनी आहेत, त्याकडे आत्ता बघायचं कारण नाही.

सोबतीला कोणी असेल तर चिनी मुलं खेळतात तो 'छंगयू-च्ये-लुंग' खेळा. आपल्या भेंड्यांचाच भाऊ: एकाच्या शेवटच्या अक्षरावरून दुसऱ्याने सुरू करायचं. 'ह्वा-श-थ्येन-च़ू' आला की 'च़ू'वरून 'च़ू-च-त्वो-मोउ', युक्त्यांना तोटा नसलेला. 'मोउ'वरून 'मोउ-श-च़ाय-रन', बेत करणं माणसाच्या हाती (पुढची ओळ, तडीस नेणं आभाळाच्या हाती). 'रन'वरून 'रन-शान-रन-हाय', माणसांचे डोंगर, माणसांचे समुद्र. आपण नुसता जनसागर म्हणतो. 'हाय'वरून 'हाय-ख्वो-थ्येन-खुंग', समुद्र विशाल, आभाळ मोकळं. आता 'खुंग'वरून तुम्ही शोधा.